गोळी चावायची नाही

"सत्रादरम्यान मार्गदर्शिका तोंडात गोळी चघळत होत्या. नव्वद मिनिटांपैकी मार्गदर्शन: चार मिनिटे. मध्ये दीर्घ शांतता. ती मोडण्याचा प्रयत्न झाला नाही. विषयांतर. शेरा: असमाधानकारक."

हे मी दादरच्या आमच्या ऑफिसात आधी बसून वाचलं. मग उभी राहिले आणि पुन्हा वाचलं, कारण बसल्या बसल्या मला नीट ओरडता येत नाही. आवाज पोटातून यावा लागतो. तो आला. शेजारच्या दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट खुर्चीतून उठून थेट जिन्यात आला, असं मला नंतर सांगण्यात आलं. त्याचा दात वाचला असेल तर त्याचं श्रेय मी घेते.

संतापाचं कारण कळायला आधी माझं काम कळायला हवं, आणि ते कळणं सोपं नाही. माझ्या आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कागदावर त्याला 'अनौपचारिक युवा शिक्षण' म्हणतात. गिरगावातल्या आमच्या चाळीत हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा समोरच्या खोलीतले काका म्हणाले, "अनौपचारिक म्हणजे? सदरा बाहेर काढून शिकवायचं?" आणि आईने मालवणीत विचारलं, "शाळा नाय, फळो नाय, मगे तू शिकवतंस खंय गे?" मी म्हटलं, आई, मी शिकवत नाही, शिकवणाऱ्यांना शिकवते. आईने मान डोलावली. मग शेजारणीला सांगायला गेली की मुलीला सरकारी नोकरी लागली.

तर खरं काम असं. पंधरा ते वीस वर्षांची मुलं-मुली, काही कॉलेजात जाणारी, काही कॉलेजातून पडलेली, संध्याकाळी एका खोलीत गोल करून बसतात. खोली कधी मंडळाच्या ऑफिसची, कधी समाजमंदिराची, कधी नव्या टॉवरच्या तळाला सोसायटीने नाक मुरडत दिलेली. या बसण्याला आम्ही कट्टा म्हणतो. प्रत्येक कट्ट्याला एक ताई किंवा एक दादा. त्या ताई-दादांना तयार करणं हे माझं काम. अठ्ठावीस वर्षं झाली. ताईंना आम्ही नावाने नाही, जागेने ओळखतो. लालबागची, भायखळ्याची, कोळीवाड्याची. आणि रिपोर्टात जी गोळी चघळत होती ती परळची.

परळची माझी सगळ्यात चांगली ताई आहे. हे मी बाकीच्यांसमोर कधी बोलले नाही, आता छापून सांगते. वय एकेचाळीस. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ही नुकतीच बारावी झालेली. कॉलेजचं एक वर्ष कसंबसं केलं आणि सोडलं. दिवसा ती एका हॉस्पिटलात खिडकीवर बसून केसपेपर काढते. संध्याकाळी तिच्या चाळीमागच्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत कट्टा. बारा वर्षं. मी तिला एकदा विचारलं होतं, तुझ्या कट्ट्यावर पोरं एवढी बोलतात कशी गं? ती म्हणाली, "ताई, दिवसभर मी खिडकीतून विचारते, नाव काय, वय काय, काय होतंय. आणि काय होतंय ते माणूस सांगेपर्यंत मागचा कागद पुढे करतो. कोणाचं पुरं ऐकूनच होत नाय. मग संध्याकाळी मी वसूल करते."

आता गोळी.

गोळी माझी. माझा शोध, माझं पेटंट, माझी या क्षेत्राला एकुलती एक देणगी. मी बोलकी बाई आहे. हे इथवर वाचलेल्यांच्या लक्षात आलं असेलच. गणपतीत चाळीच्या नाटकात मला दासीचं काम दिलं होतं, दोन वाक्यांचं, तर मी त्या दोन वाक्यांची वीस मिनिटं केली होती आणि राजा विंगेत उभा राहून घामाघूम झाला होता. या कामात आले तेव्हाही तेच. वरळी कोळीवाड्यात मी पोरांसमोर सलग तासभर बोलले होते, आणि विषय होता 'ऐकण्याची कला'. पोरं समुद्राकडे बघत होती. पुढच्या आठवड्यात माझा घसा बसला. पार बसला, शिट्टीसुद्धा निघेना. सत्र तर घ्यायचं होतं. मी तोंडात एक लिमलेटची गोळी ठेवली आणि हाताने खूण केली: बोला. पहिल्यांदा कोणी बोलेना. मी तरी काय करणार, गोळी चघळत बसले. मग एक जण बोलला. मग दुसरी. मग थांबेचनात. दाराशी मासे साफ करत बसलेली एक कोळीण हे सगळं बघत होती. जाताना मला म्हणाली, "आज तू गप व्हतीस म्हनून पोरा बोलली. उद्या पन घसा बसव."

घसा रोज बसवता येत नाही, पण गोळी रोज घेता येते. तेव्हापासून माझ्या प्रशिक्षणाचा हा पहिला धडा. प्रत्येक नव्या ताईच्या हातात मी केशरी गोळ्यांची पुडी देते. प्रश्न विचारलास की गोळी तोंडात. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. आणि चावायची नाही. हेच अवघड आहे. समोर शांतता पडली की नवी ताई आधी घाबरते, मग तिचा जबडा हलतो, कडाड्, आणि लागली भाषण द्यायला. खोलीच्या मागे बसून मी हे कडाड् हजारदा ऐकलं आहे. लालबागच्या ताईची दाढ यात गेली. परळचीने बारा वर्षांत एकही गोळी चावलेली नाही.

आणि तिला शेरा: असमाधानकारक!

हा शेरा आला कुठून, तर नव्या देणगीदारांकडून. वर्षभरापूर्वी एका फाउंडेशनने आमचे कट्टे आपल्या पंखाखाली घेतले. पंख मोठा होता, ऊबही बरी होती. पण आल्या आल्या त्यांनी आमचे शब्द बदलले. ताई-दादा हे फार घरगुती वाटतं म्हणे. 'सुलभक' म्हणायचं. फाउंडेशनचे प्रकल्पप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, त्यांनी हे पडद्यावर दाखवलं तेव्हा भायखळ्याच्या दादाने हात वर केला. "सर, मी नाक्यावर जाऊन सांगितलं की मी सुलभक आहे, तर लोक विचारतील, आत जागा आहे का?" सगळी खोली फुटली. सगळे का हसताहेत ते कळायला साहेबांना जरा वेळ लागला; मग त्यांनी महिनाभरात 'मार्गदर्शक' केलं. शब्दापुरते आम्ही जिंकलो. पण मग मूल्यमापन आलं. टॅब घेऊन एक मुलगी प्रत्येक कट्ट्यावर येणार, एक सत्र बघणार, रकाने भरणार. जो कट्टा असमाधानकारक, तो काढून घेऊन पदवीधर मार्गदर्शकाकडे द्यायचा. निर्णय शुक्रवारी.

म्हणजे परळचीचा कट्टा चार दिवसांत जाणार होता. एका गोळीपायी.

मी त्या टॅबमधले रकाने मागवले. चौथा रकाना: 'मार्गदर्शक किती मिनिटे बोलले? (अधिक मिनिटे = अधिक गुण)'. माझ्या डोळ्यांपुढे केशरी ठिपके आले. सव्वीस मुलं समोर बसवून जो नव्वद मिनिटं एकटाच बडबडेल तो उत्तम! अरे, मग रेडिओ ठेवा ना मध्ये! मी ऑफिसच्या मधोमध उभी राहिले आणि गरजले, "हा रकाना ज्या गाढवाने काढला त्याला माझ्यासमोर आणून उभं करा. आत्ता. मला त्याचं तोंड बघायचं आहे."

आमच्या ऑफिसात फायली सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. निवृत्तीला आल्या आहेत आणि कोणालाही घाबरत नाहीत. त्या शांतपणे उठल्या, कपाटाच्या तळातून नाडी बांधलेली एक फाईल काढली, नाडी सोडली आणि एक पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे धरला. निरीक्षण तक्ता. हाताने आखलेला. चौथा रकाना: 'ताई किती मिनिटं बोलली? (जास्त = चांगलं)'. खाली माझी सही. वळणदार, तरुण, भलतीच खूष असलेली सही.

"तोंड बघायचंय म्हणालात," बाई म्हणाल्या. "आरसा आणू?"

झालं होतं असं. अगदी सुरुवातीला आमच्या ताया बोलायच्याच नाहीत. पोरांसमोर उभं राहायची सवय नव्हती कोणाला. एक तर हजेरी घेऊन कोपऱ्यात विणत बसायची. त्यांनी निदान तोंड उघडावं म्हणून मी तो रकाना घातला. त्या बोलायला लागल्या. मग थांबेनात. मग कोळीवाडा झाला, मग गोळी आली. गोळी मी सगळ्यांना वाटली, पण रकाना खोडायला विसरले. आणि कागद काही विसरत नाही. तो फाईलमधून फाईलमध्ये गेला, कोणीतरी तो टाईप केला, कोणीतरी त्याचं इंग्रजी केलं, फाउंडेशनने त्याचं परत मराठी केलं आणि टॅबमध्ये घातलं. मी स्वतःच्या हाताने आखलेला रकाना अठ्ठावीस वर्षं फिरून माझ्याच उत्तम ताईच्या मानेवर येऊन बसला होता.

स्वतःवर संतापायची मला सवय नाही, त्यामुळे ते नीट जमत नाही. दोन-तीन मिनिटं प्रयत्न केला. मग पुन्हा साहेबांवर आले. कारण माझा रकाना चूक होता हे खरंच, पण माणसाने कागदाच्या वर डोळे करून बघावं की नाही? खोलीत काय चाललं होतं, हे त्या टॅबवालीला दिसलं नाही?

दुपारी मी परळला गेले. कामाच्या वेळी परळचीशी बोलायचा एकच मार्ग: केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. अर्ध्या तासाने खिडकीशी पोचले. तिने मान वर केली नाही.

"नाव?"

"अगं मी आहे."

तिने वर बघितलं, हसली नाही, पेन तसंच धरून म्हणाली, "वय?"

"ते तुला कशाला हवंय?"

"काय होतंय?"

"संताप होतोय!"

मागच्या माणसाने आपला कागद माझ्या खांद्यावरून आत सरकवला. तिने तो दोन बोटांनी परत बाहेर सरकवला. "दादा, एक मिनिट. ह्यांचं पुरं होऊ दे." आणि मला, "सांगा ताई."

मी सगळं सांगितलं. रिपोर्ट, शुक्रवार, पदवीधर, रकाना. रकाना कोणी काढला तेसुद्धा सांगितलं, जरा घाईघाईने. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कट्टा गेला तर जाऊ दे, असं मी म्हटलं असतं. बारा वर्षं झाली. पण आता नाय जमणार. त्या दिवशी सत्रात एक पोरगी बोलली. तिला मी शब्द दिलाय, पुढच्या बुधवारी तुझ्या घरी येते, तुझ्या आईशी बोलते. कट्ट्याची ताई म्हणून येते असं बोललेय. शुक्रवारी मला काढलं तर बुधवारी मी कोण म्हणून जाऊ? शेजारीण? शेजारणीला कोण दार उघडतं अशा गोष्टीला? आणि तो नवीन पदवीवाला जाईल का?"

"कोण पोरगी? काय झालंय तिचं?"

"गोलातलं गोलात, ताई. नियम तुमचाच."

माझेच नियम, माझेच रकाने. त्या दिवशी जिकडे जावं तिकडे मीच भेटत होते.

तिने खण उघडून एक केशरी गोळी काढली आणि काचेखालून माझ्याकडे सरकवली, जणू केसपेपरच. "शुक्रवारी मीटिंगमध्ये ही तोंडात ठेवायची. तुम्ही तापलात की समोरचा ऐकत नाय, बघत बसतो. टाळ्या वाजवायच्या का नाय ह्याचाच विचार करतो."

"मी? मी कधी तापते?"

मागची अख्खी रांग हसली.

शुक्रवारी आमच्याच ऑफिसातल्या काचेच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो. साहेब, त्यांचा लॅपटॉप सांभाळणारा एक गृहस्थ, टॅबवाली मुलगी, परळची आणि मी. टॅबवाली पंचवीस-सव्वीसची, नीटनेटकी, आणि आल्यापासून तिने परळचीकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघ की, ज्या बाईची मान कापलीस तिच्याकडे बघायला काय होतं? बसता बसता परळचीने गोळी तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मीही टाकली. मी शपथेवर सांगते, माझा इरादा शुद्ध होता.

साहेब वाईट माणूस नव्हे. आवाज मऊ, मराठी स्वच्छ, मुद्दे ओळीने. त्यांनी रिपोर्ट वाचायला घेतला. चार मिनिटं, शांतता, विषयांतर, इथवर मी धरून ठेवलं. मग ते म्हणाले, "आणि मॅडम, सत्र चालू असताना खाद्यपदार्थाचं सेवन. हे जरा अनप्रोफेशनल वाटतं, नाही का?"

कडाड्.

तो आवाज काचेच्या खोलीत कसा घुमला ते सांगून पटणार नाही. आणि मग मी बोलले. खोटा विनय कशाला, मी अप्रतिम बोलले. खाद्यपदार्थ! मी म्हटलं, साहेब, ही गोळी म्हणजे या खोलीतलं सगळ्यात जुनं शैक्षणिक साधन आहे, तुमच्या लॅपटॉपची पणजी. मी म्हटलं, जी बाई चार मिनिटं बोलून पोरांना शहाऐंशी मिनिटं देते तिला तुम्ही नापास करता, मग आम्ही शिक्षण कोणाचं करायचं, पोरांचं की ताईचं? मी म्हटलं, चूक माझ्या रकान्याची आहे, मी सही केलेली आहे, मला काढा, माझा कट्टा घ्या, माझा कट्टा नाहीये पण असता तर दिला असता. मी उभी होते. कधी उठले आठवत नाही. एका हाताने मी आईच्या प्रश्नाची नक्कल केली, दुसऱ्याने दारातल्या कोळिणीची. लॅपटॉपवाल्या गृहस्थांनी झाकण मिटलं आणि हनुवटीखाली हात घेऊन मजेत ऐकायला लागले. संपवलं तेव्हा मला वाटलं, आता पडदा पडावा.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची पॅशन मला कळते." पॅशन! पंचवीस-तीस वर्षं एक गोष्ट करा, तिच्याबद्दल दोन खरी वाक्यं बोला, की लगेच तुमची पॅशन होते. विचार फक्त त्यांचे असतात. "पण आपल्याकडे एक प्रोसेस आहे. डेटा आहे." आणि मग परळचीकडे वळून, सभ्यतेचा भाग म्हणून, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

परळचीने एक बोट वर केलं. थांबा. गालात गोळीचा फुगा दिसत होता.

साहेब थांबले. त्यांना वाटलं असेल, एक-दोन सेकंद. एसीची घरघर ऐकू यायला लागली. साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. लॅपटॉपवाल्यांनी झाकणावरची नसलेली धूळ पुसली. मी तोंड उघडणार तोच टेबलाखाली माझ्या चपलेवर परळचीचा पाय पडला. चांगला पडला. खाली पदपथावर कोणी तरी 'दस का चार, दस का चार' ओरडत काहीतरी विकत होता, तो तेवढा स्पष्ट मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. परळची साहेबांकडे बघत नव्हती. ती टॅबवालीकडे बघत होती. रोखून नव्हे. जशी ती खिडकीतून बघते, काय होतंय विचारून.

"सर," टॅबवाली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती टॅबकडेच बघत होती.

"सर, एक गोष्ट मला लिहिता नाही आली. रकाना नव्हता तसा."

परळचीने काही केलं नाही. मान हलवली नाही, हसली नाही. साहेब मात्र "म्हणजे?" म्हणाले.

"ती शांतता जी लिहिलीये ना मी. त्याच्यानंतर एक मुलगी बोलली. आधी कधीच बोलली नव्हती म्हणे. काय बोलली ते मी नाही सांगणार, ताईंनी सगळ्यांना सांगितलंय गोलातलं गोलात." ती पहिल्यांदाच ताई म्हणाली, तिला स्वतःला कळलं की नाही ठाऊक नाही. "मग बाकीचे बोलले. आणि मग..." ती थांबली. आम्ही थांबलो. साहेबसुद्धा थांबले, आणि या वेळी त्यांनी पेनला हात लावला नाही. "मग मी पण बोलले, सर. मी ऑब्झर्व्हर म्हणून गेले होते. मी बोलायला नको होतं. मी आमच्या घरातलं बोलले. कोणाशी बोलले नव्हते ते. विषयांतर लिहिलंय ना रिपोर्टमध्ये, ते माझं विषयांतर आहे. घरी जाऊन मला लाज वाटली, म्हणून मी मार्क कमी दिले."

त्या सत्रातली कट्ट्यावरची मुलगी काय बोलली होती, ते तिनेच मला काही महिन्यांनी सांगितलं आणि लिहायची परवानगीही दिली, नाव नको या अटीवर. अकरावीत ती नापास झाली होती. घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन, ओढणी नीट करून ती कॉलेजला निघायची आणि दादरच्या फुलबाजारात एका बाईजवळ जाऊन बसायची, वेण्या गुंफायला मदत करत. कॉलेजची वेळ संपली की घरी. सहा महिने. आई रोज विचारायची, आज काय शिकवलं? आणि ती रोज काहीतरी रचून सांगायची. परळचीच्या कट्ट्यावर त्या दिवशी विषय होता 'माझं पाच वर्षांचं ध्येय'. परळचीने विचारलं, गोळी तोंडात टाकली, आणि सगळा गोल गप्प बसला. ती मुलगी मला म्हणाली, "मोठ्या ताई, एवढा वेळ कोणच काय बोलेना. मला वाटलं आता मीच बोलले नाय तर आम्ही सगळे इथंच बसून राहू."

हे सगळं 'दीर्घ शांतता' आणि 'विषयांतर' या दोन शब्दांत बसवलं होतं. माझ्या आखलेल्या तक्त्यात.

काचेच्या खोलीत साहेबांनी घसा साफ केला. टॅबवालीला ते हळू आवाजात "थँक यू" म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं, एवढं मी मान्य करते. मग निर्णय दिला. परळचीचा कट्टा परळचीकडेच राहील. पण पदवी नसल्यामुळे 'मार्गदर्शक' हे पद देता येणार नाही. ती 'समुदाय सहाय्यक' म्हणून राहील. दूरशिक्षणाने पदवीला नाव घातलं तर पुढे विचार होईल. आणि चौथा रकाना? तो तूर्त तसाच, कारण सॉफ्टवेअरचं काम बाहेर दिलेलं आहे. पुढच्या आवृत्तीत बघू.

परळचीने मान हलवली. गोळी संपली नव्हती, म्हणून ती बोलली नाही. साहेबांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

जिना उतरताना माझा तोल परत गेला. "सहाय्यक! कोणाची सहाय्यक? तिथे दुसरी आहे कोण, जिला तू सहाय्य करणार? स्वतःची सहाय्यक तू? आणि एकेचाळीसाव्या वर्षी पदवी, कशात, गप्प बसण्यात? तो विषय ठेवलाय का कुठल्या विद्यापीठाने? आणि रकाना तसाच! मी बनवला, मी सांगते काढा, तरी निघत नाही! अगं, मी जिवंत आहे अजून, नाहीतर म्हणाल बाईंची आठवण म्हणून ठेवलाय!" दातांच्या दवाखान्याच्या दाराशी आज कोणी नव्हतं. बातमी पसरली असावी.

परळची एक-एक पायरी उतरत होती. खाली पदपथावर आलो, फुलांच्या टोपल्या घेऊन बायका चालल्या होत्या, त्यांना तिने आधी जाऊ दिलं. मी म्हटलं, "बोल की काहीतरी! तुझ्यासाठी भांडतेय मी!"

तिने बोट वर केलं. मी थांबले, काय करणार. सिग्नल एकदा सुटला, एकदा पडला. मग तिने गिळलं, पदराने ओठ टिपले, आणि बुधवारसाठी काही लागतं का, असं मी विचारणार तोच म्हणाली,

"ताई, तुम्ही चावलीत."